मापाचा शेर आणि वजनाचा शेर

मराठी भाषेंत एका नांवाच्या दोन वस्तु पुष्कळ आहेत. परंतु एका नांवाचीं दोन परिमाणें, आणि तींही एकाच स्वयंपाकघरांत, हा प्रकार क्वचितच पाहावयास मिळतो. शेर हा त्यांतला होय. तराजूच्या पारड्यांत टाकावयाचा एक शेर, आणि धान्याच्या राशींत खुपसून भरून काढावयाचा दुसरा शेर. पहिला भार सांगतो, दुसरा जागा सांगतो. आपल्या आज्या दोहोंनाही शेरच म्हणत, आणि त्यांचा घोटाळा होत नसे. कारण समोर तराजू आहे कीं माप आहे हें त्यांना डोळ्यांनीं दिसत असे. घोटाळा होतो तो आपला. आपल्यापर्यंत नुसता शब्द येऊन पोहोंचला आहे, वस्तु मागेंच राहिली आहे.

या प्रश्नांत मी शिरलें तें माझ्या आजीच्या वहीमुळें. नेवासें तालुक्यांतील एका खेड्यांत तिचें आयुष्य गेलें. मिशनच्या शाळेंत चार इयत्ता शिकलेली असल्यामुळें तिला लिहितां येत होतें, आणि नाताळच्या फराळाचीं प्रमाणें तिनें शिसपेन्सिलीनें एका वहींत उतरून ठेविलीं होतीं. ही वही दशमान पद्धति येण्यापूर्वींची आहे. तींत किलो नाहीं, ग्रॅम नाहीं, वाटीसुद्धां नाहीं; पानोपानीं शेर, अर्धा शेर, पावशेर, आणि वेलदोडे-जायफळांपुढें तोळा. वही आजीकडून आईकडे व आईकडून माझ्याकडे आली. आईला विचारावें तर तिचें उत्तर ठरलेलें: “अगं, वहीत बघून कोण करायचं? हाताला कळतं.” तें खरेंच, पण माझ्या हाताला तें कळत नाहीं, आणि माझ्या मुलीच्या हाताला तर मुळींच कळणार नाहीं. तेव्हां आजीच्या हातचें कांहीं पुढें न्यावयाचें तर तिचा शेर कोणता होता हें शोधणें प्राप्त झालें.

प्रथम मापाचा शेर पाहूं. आमच्या भागांत धान्य मापण्याची जी परंपरा होती तींत सर्व कांहीं दुपटीनें चढत असे. दोन निळवीं म्हणजे एक कोळवें, दोन कोळवीं म्हणजे एक चिपटें, दोन चिपटीं म्हणजे एक मापटें, दोन मापटीं म्हणजे एक शेर, दोन शेर म्हणजे एक अधोली, आणि दोन अधोल्या म्हणजे एक पायली. मोल्सवर्थसाहेबांच्या 1857 सालच्या कोशांतही पायली हें चार शेरांचें मापच आहे. या दुपटीच्या हिशेबाचें मला गणिताची शिक्षिका या नात्यानें फार कौतुक वाटतें. ज्या बाईला पाढे येत नाहींत तिलाही अर्धें व दुप्पट कळतें, आणि एवढ्या भांडवलावर निळव्यापासून पायलीपर्यंतचा, म्हणजे एकास चौसष्ट असा, सर्व व्यवहार ती करूं शकते. खळ्यावर माप भरतांना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणतां ‘लाभ’ म्हणावयाचें, ही रीत पुष्कळांनीं ऐकली असेल. आमच्या हिंदु शेजाऱ्यांच्या घरीं नवी सून धान्याचें माप ओलांडून आंत येते. उंबरठ्यावर तराजू ठेविलेला मात्र मीं कोठें पाहिला नाहीं. तराजू दुकानाचा, माप घराचें.

वजनाचा शेर हा त्या मानानें सरकारी मनुष्य. पांच तोळ्यांची एक छटाक, चार छटाकांचा एक पावशेर, चार पावशेरांचा एक शेर, म्हणजे ऐंशीं तोळे. आणि असे चाळीस शेर म्हणजे एक मण. 1939 च्या कायद्यानें हिंदुस्थानभर हाच शेर प्रमाण धरला. तोळा 180 ग्रेनांचा, म्हणजे आजच्या हिशेबानें 11.66 ग्रॅमांचा; तेव्हां शेर भरला 933 ग्रॅमांचा. पुढें 1956 चा कायदा होऊन 1 ऑक्टोबर 1958 पासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्यानें आला, आणि कांहीं वर्षांत शेर कायद्यांतून नाहींसा झाला. जिभेवरून मात्र तो गेला नाहीं. आजही मंडईंत “पावशेर मिरच्या द्या” असें आपण म्हणतों आणि भाजीवाला 250 ग्रॅम तोलून देतो. खऱ्या पावशेराचे 233 ग्रॅम होत. म्हणजे नांव तेंच ठेवून पावशेर शेंकडा सातांनीं फुगला. मिरच्यांत त्याचें कांहीं बिघडत नाहीं. आजीच्या वहींतला पावशेर जर कोणी आजच्या पावशेरानें तोलला तर तूप, पीठ, साखर सर्वच सारख्या प्रमाणांत वाढतील व तेंही निभावेल. खरी अडचण पुढेंच आहे.

आजीच्या भांड्यांपैकीं पितळेचें एक चिपटें आमच्या घरीं आहे. तें मीं एकदां आठवीच्या वर्गांत नेलें, प्रयोगशाळेंतील तराजू मागवून घेतला, आणि मुलामुलींकडून तें निरनिराळ्या जिनसांनीं भरवून तोलविलें. पाणी भरलें 280 ग्रॅम. अर्थात् चिपट्यांत जागा 280 मिलिलिटरांची. सपाट भरलेले तांदूळ 235 ग्रॅम झाले, गहूं 220, साखर 240, रवा 195. पातळ केलेलें तूप 255. बारीक मीठ 340. मुरमुरे 30 ग्रॅमसुद्धां भरेनात. मैद्याच्या बाबतींत तर वर्गांत भांडणच लागलें. कारण एका मुलीनें चाळून हलक्या हातानें भरला तो 145 ग्रॅम झाला, आणि दुसऱ्या मुलानें पिशवींत चिपटें खुपसून, वर अंगठ्यानें दाबून भरला तो 190. दोघांनींही सपाट पुसून घेतला होता, तेव्हां लबाडी कोणाचीच नव्हती. तीच वस्तु, तेंच भांडें, आणि फरक 45 ग्रॅमांचा.

तांदळाचा आंकडा वाचकांनीं पुन्हा एकवार पाहावा. 235 ग्रॅम! वजनाचा पावशेर 233 ग्रॅमांचा, आणि चिपटें म्हणजे मापाच्या शेराचा चवथा हिस्सा, अर्थात् मापाचा पावशेर. निदान आमच्या घरच्या भांड्यापुरते तरी मापाचा शेर व वजनाचा शेर तांदळावर येऊन एकमेकांस भेटतात. दोघांचें नांव एक कां, याचा उलगडा मला तेथें झाल्यासारखा वाटला. धान्य हेंच जेथें मुख्य, तेथें मापभर धान्य आणि शेरभर धान्य यांत भेद करण्याची निकड कोणास भासावी? परंतु हा स्नेह धान्यापुरताच. भांड्यांत मैदा घातला कीं माप म्हणतें पावशेर, आणि तराजू म्हणतो अडीच छटाका. मीठ घातलें कीं तराजू जवळजवळ सहा छटाका सांगतो. शेरास सव्वाशेर म्हणतात तो हाच कीं काय, असें एका विद्यार्थ्यानें विचारलें. मीं त्यास त्याबद्दल अर्धा गुण दिला.

याचें कारण हवा. आपण चिपटें भरतों तेव्हां जिन्नस भरतों आणि जिनसाच्या कणांमधील हवाही भरतों. सारख्या आकाराच्या गोळ्या भांड्यांत ओतून चांगल्या हालविल्या तर शंभरांतील सुमारें 64 भाग जागा गोळ्या व्यापतात, उरलेले 36 भाग रिकामे. फळवाला संत्रीं रचतो तशा एकावर एक नीट रचल्या तर 74 भागांपर्यंत मजल जाते, त्याच्या पलीकडे नाहीं. पीठाचे कण बारीक, वेडेवांकडे व एकमेकांस चिकटून राहणारे. ते आपल्यामध्यें हवेचे मोठमोठे कप्पे राखून ठेवितात, आणि चाळणीनें ते कप्पे आणखी वाढतात. द्रवांत ही भानगड नाहीं. तेथें फरक पडतो तो केवळ त्या द्रवाच्या स्वतःच्या घनतेमुळें.

लूककृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायांत मापाविषयीं जें वचन आहे तें रविवारच्या शाळेंतील बहुतेक मुलांना पाठ असतें. त्यांत दाबणें, हालविणें आणि शीग लागून सांडणें अशा तीन क्रिया आहेत. लहानपणीं मला ती केवळ शब्दांची रेलचेल वाटे. मापानें धान्य घेणाऱ्यालाच त्यांचा अर्थ नीट कळावयाचा. दाबल्यानें हवा जाते, हालविल्यानें दाणे पोकळींत बसतात, शिगेनें कांठाच्या वरची जागा मिळते. प्रत्येक क्रियेगणिक घेणाऱ्याच्या पदरांत कांहीं मुठी अधिक पडतात. तराजूच्या दुकानांत दाबण्याहालविण्यास कांहीं अर्थ नाहीं. तें वचन मापाच्या बाजारांतलें आहे.

म्हणून मापावरून वजन काढण्याचा एकच ठराविक भाव नाहीं. रुपयाचे पैसे करावे तसें चिपट्याचे ग्रॅम करतां येत नाहींत. प्रत्येक जिनसाचा भाव निराळा, आणि पिठाचा तर भरणाऱ्या हातागणिक निराळा. येथें आणखी एक खोंच आहे. तांदळास दुप्पट पाणी, हें प्रमाण आपण सर्वजणी पाळतों. तें मापाचें प्रमाण आहे: एक चिपटें तांदूळ, दोन चिपटीं पाणी. आतां एखाद्या हुषार मुलीनें तराजू हातीं घेऊन 235 ग्रॅम तांदळास दुप्पट म्हणून 470 ग्रॅम पाणी घातलें, तर चिपट्यांनीं घातलेल्या 560 ग्रॅमांपेक्षां तें 90 ग्रॅम कमी भरेल, आणि भात टणक राहील. तराजू अधिक शास्त्रीय खरा, पण प्रमाण ज्या भाषेंत बोललें गेलें त्याच भाषेंत तें ऐकावें लागतें.

हें सर्व केवळ करमणुकीचें गणित आहे असें कोणी समजूं नये. एका वसतिगृहांतील गोष्ट मला ठाऊक आहे. तेथें वीस वर्षें स्वयंपाक करणाऱ्या मावशींवर सत्राअखेर संशय आला. कोठीच्या वहीप्रमाणें तेलाचे आठ डबे आले, प्रत्येक डबा 15 किलो, एकूण 120 किलो. रोजचें तेल तराजूवर तोलून दिलें जाई व त्याची नोंद होई. दिलेलें व उरलेलें मिळून भरलें 109 किलोंच्या आसपास. सुमारें अकरा किलो तेल गेलें कोठें? उघड कोणी बोललें नाहीं. परंतु मावशी घरीं जातांना त्यांच्या पिशवीकडे पाहिलें जाऊं लागलें, आणि तें त्यांच्या ध्यानांत आलें. त्या कोणापाशीं रडल्या नाहींत. आपली पिशवी त्या रोज स्वयंपाकघराच्या दारांतच उपडी करून दाखवूं लागल्या. तें दृश्य पाहणें मला कठीण गेलें.

मीं कोठींत जाऊन रिकामा डबा पाहिला. त्यावर 15 लिटर असें छापलेलें होतें. बाजारांत 15 किलोचेही डबे मिळतात व 15 लिटरचेही मिळतात. दिसावयास ते भावंडांसारखे असतात. खाण्याच्या तेलाचा एक लिटर म्हणजे अदमासें 910 ग्रॅम. पंधरा लिटरांचे झाले 13 किलो 650 ग्रॅम. डब्यामागें 1 किलो 350 ग्रॅम तेल वहींत आलें होतें, कोठींत कधींच आलें नव्हतें. आठ डब्यांचें तें भरतें 10 किलो 800 ग्रॅम. मीं हा हिशेब एका कागदावर मांडून संबंधितांपुढें ठेविला, व त्यांच्यादेखत एक सीलबंद डबा तोलविला. पुढच्या सत्रापासून वहींत लिटरचा व किलोचा असे दोन रकाने आले. मावशींची क्षमा कोणी मागितली कीं नाहीं तें मला माहीत नाहीं. पिशवी दाखविणें मात्र त्यांनीं त्यानंतरही महिनाभर बंद केलें नाहीं.

तेलाच्या बाबतींत तर आणखी एक पेंच आहे. उन्हानें तेल पसरतें. वजन तेंच राहतें, जागा वाढते. सोयाबीनचें एक लिटर तेल 21 अंशांस 919 ग्रॅम भरतें आणि 60 अंशांस 892.6 ग्रॅम. कांहीं उत्पादक पिशवीवर लिटर छापतांना भलतेंच चढें तपमान गृहीत धरीत; त्यामुळें लिटर पुरा दिसे आणि तेल कमी पडे. शेवटीं ऑगस्ट 2022 मध्यें केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें त्यांस बजाविलें कीं, तपमानाचा उल्लेख न करितां परिमाण छापावें आणि छापलेलें माप वजनाशीं जुळलें पाहिजे. मुलींनो, घरीं तेलाची पिशवी आणाल तेव्हां तिच्यावरील बारीक अक्षर वाचण्याची संवय ठेवा.

आतांच्या मुली पाककृती शोधतात त्या बहुधा मोबाइलवर, आणि तेथें नवाच शेर भेटतो, त्याचें नांव कप. अमेरिकेंतील फॅनी फार्मर या बाईंनीं 1896 सालीं बोस्टनच्या पाकशाळेचें पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि कप व चमचा सपाट पुसूनच भरला पाहिजे असा आग्रह धरिला. अदमासाच्या राज्यांत ती मोठी सुधारणा होती याबद्दल वाद नाहीं. परंतु अमेरिकेचा कप सुमारें 240 मिलिलिटरांचा, ऑस्ट्रेलियाचा 250 चा, जपानचा 200 चा, आणि जपानांत तांदूळ मोजावयाचा असेल तर 180 चा. ऑस्ट्रेलियाचा मोठा चमचा 20 मिलिलिटरांचा, इतरांचा 15 चा. आपल्या घरचा चहाचा कप यांपैकीं कोणाचाच नातलग नव्हे. अमेरिकन कपांत हलका भरलेला मैदा सुमारें 120 ते 125 ग्रॅम राहतो, आणि साखर 200 ग्रॅम. ज्या मुलीला केक करावयाचा आहे तिनें हे दोन आंकडे ध्यानांत ठेविले तरी पुष्कळ काम भागेल. माझें स्वतःचें मत असें कीं, भात, आमटी, उपमा हीं मापानें करावीं. भट्टींत जें जाणार तें मात्र तोलूनच घ्यावें. आमटी उकळतांना सुधारतां येते. भट्टीचें दार लागल्यावर आपला उपाय संपला.

याच विचारानें मीं आजीच्या वहींतील नानकटाईचें पान पुन्हा वाचलें. अर्धा शेर मैदा, पावशेर तूप, पावशेर पिठीसाखर. हा शेर वजनाचा धरला तर मैदा 467 ग्रॅम, तूप 233, साखर 233. म्हणजे दोनास एक, एक असें नेटकें प्रमाण येतें. मापाचा धरला तर मैदा चाळून दोन चिपटीं म्हणजे 290 ग्रॅम, तूप 255, पिठीसाखर सुमारें 155. मैद्याच्या सात-अष्टमांश तूप! कागदावरच उत्तर दिसत होतें. तरीपण वर्गाच्या आग्रहावरून शाळेच्या ओव्हनमध्यें दोन्ही प्रकार करून पाहिले. वजनाच्या शेराची नानकटाई फुलून, भेगाळून, जशीच्या तशी बाहेर आली. मापाच्या शेराची वितळून ताटभर एक सलग पोळी झाली. मुलांनीं तीही खरवडून संपविली, तो भाग निराळा.

पण जिच्या घरांत तराजू नव्हता त्या आजीनें वजनाचा शेर कोठून आणला? हें आईला विचारलें तेव्हां ती हंसली. “अगं, नानकटाई घरी कुठं व्हायची? ओव्हन होता का आपल्याकडं? नाताळच्या आधी सामान घेऊन तालुक्याला बेकरीवर जायचं. तो काट्यावर घालून घ्यायचा आणि भाजून द्यायचा.” म्हणजे तें पान आजीनें बेकरीवाल्याच्या तोंडून लिहून घेतलें होतें. तराजूच त्यांत बोलत होता. पानाच्या समासांत मीं बारीक अक्षरांत ‘वजनाचा शेर’ असें लिहून ठेविलें आहे.

रव्याच्या लाडवांचें पान त्याच्या मागेंच आहे: एक शेर रवा, पाऊण शेर साखर, पावशेर तूप. लाडू घरींच वळत, म्हणून हा शेर मापाचा असावा असा माझा तर्क. तसें धरल्यास रवा 780 ग्रॅम, साखर 720 व तूप 255 येतें, आणि लाडू अंमळ गोड होतात. वजनाचा धरल्यास रवा 933, साखर 700, तूप 233, आणि लाडू थोडे कोरडे पण अगदीं पसंत पडण्याजोगे होतात. दोन्ही रीतींनीं ते नीट वळले गेले. आईपुढें दोन्ही ठेविले, तिनें दोहोंतला एकेक खाल्ला, क्षणभर डोळे मिटले, आणि गोड लाडवाकडे बोट दाखवून म्हणाली, “हा तिचा. पण तिनं यात बेदाणे घातले असते.” वहींत बेदाण्यांचा उल्लेख नाहीं.